मुक्या ‘ई’ची करामत
महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाऊ लागली आणि स्पेलिंग घोकून घेणे हा घरोघरी संध्याकाळचा नेम झाला. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांची सांगड बहुतांशी पक्की असते. इंग्रजीत मात्र २६ अक्षरांना सुमारे ४४ ध्वनी पेलावे लागतात, त्यामुळे मराठी मुलाचा ‘असे का?’ हा प्रश्न अगदी रास्त असून त्याला ‘पाठ कर’ एवढेच उत्तर देणे अन्यायाचे आहे.

‘मुका ई’, म्हणजे शब्दाच्या शेवटी लिहिला जाणारा पण न उच्चारला जाणारा ई, हा नियम घरी सहज दाखवता येतो. पाटीवर खडूने एच-ओ-पी लिहून शेजारी ई लिहिलेला कागदाचा कपटा ठेवला की ‘हॉप’चे ‘होप’ होताना मूल स्वतःच्या कानांनी ऐकते, आणि पुढे आय-एन-जी जोडताना ‘हॉप’मधला पी दुप्पट होतो, तर ‘होप’मधला ई गळतो, हेही त्याच खेळात उमगते. ‘हॅव’ आणि ‘गिव्ह’ या शब्दांत ई असूनही उच्चार बदलत नाही, कारण इंग्रजी शब्द सहसा नुसत्या व्हीने संपवत नाहीत. एवढे समजावण्यासाठी पालकांना फर्डे इंग्रजी यावे लागत नाही.