शाल, श्रीफळ आणि तिकीट

कलावंताचा गौरव करण्याची आपली रीत ठरलेली आहे. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, चार भाषणे आणि आभारप्रदर्शन. दुसऱ्या दिवशी नारळाच्या वड्या होतात, शाल कपाटात जाते आणि आपण आपल्या कामाला लागतो. ज्या कामासाठी सत्कार झाला, ते उद्यापासून कशावर चालणार, हे विचारायचे मात्र राहून जाते.

विचारायला हवे, कारण काही माणसांचा छंद त्यांच्यापुरता राहत नाही. तो साऱ्या गावाचा होतो. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांचेच पाहा. वारली घरात लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने भिंतीवर रेखायचा, तो सवाशिणींनी. चित्र काढायचे ते लग्नकार्यापुरते. म्हसे पुरुष असून चित्रे काढू लागले, आणि तीही रोज, केवळ आवड म्हणून. सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी त्या पाड्यांवर पोचले आणि भिंतीवरची रेघ कागदावर आली. 1976 मध्ये म्हशांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 मध्ये पद्मश्री. 2018 मध्ये ते गेले. पण तोवर त्यांच्या मुलांनी आणि आसपासच्या कितीतरी तरुणांनी ब्रश हाती घेतला होता. एका माणसाच्या नादातून एका समाजाला मिळकतीची वाट सापडली, हे पद्मश्रीपेक्षा लहान नव्हे.

दुसरे उदाहरण कोकणातले. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांच्या चित्रांची पोथी पुढ्यात ठेवायची आणि एकेक चित्र दाखवत, गात कथा सांगायची. शिवाय कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ. पूर्वी या कलेला सावंतवाडी दरबारचा आश्रय होता. दरबार गेले, करमणुकीची साधने बदलली, आणि घरोघरच्या पोथ्या निकामी ठरण्याची वेळ आली. परशुराम गंगावणे यांनी तेव्हा काय करावे? घरच्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले! ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे त्याचे नाव. नुसत्या वस्तू मांडून ते थांबले नाहीत. घरातल्या मुलांना कला शिकवली, आल्यागेल्याला खेळ दाखवले. 2021 मध्ये त्यांनाही पद्मश्री जाहीर झाली.

ही दोन्ही माणसे वाट पाहत बसली नाहीत. पण म्हणून आपली जबाबदारी संपते का? वारली नक्षी आज कपांवर, चादरींवर, भिंतींवर दिसते. त्यातली किती वारली हातांनी काढलेली असते? यंत्राने छापलेला कप आपण हौसेने घेतो आणि हाताने काढलेल्या चित्राची किंमत ऐकली की घासाघीस सुरू करतो. कोकणात फिरायला जातो, मासे खातो, समुद्र पाहतो. पिंगुळीची पाटी मात्र मोटारीच्या खिडकीतून मागे पडते.

याउलट झाडीपट्टीत पाहा. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भागात धान घरात आले की दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाटक मंडळ्यांचे मुख्य ठाणे. गावकरी तिथे जाऊन नाटक ठरवतात, मंडप घालतात, तिकिटे विकतात. पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात आणि थंडीत कांबळी पांघरून अख्खे घर रात्रभर नाटक पाहते. इथले परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली; पण झाडीपट्टीच्या प्रेक्षकाने त्यांना तिकीट काढून कितीतरी आधीच मान दिला होता. ही रंगभूमी टिकली ती तिथल्या शेतकऱ्याच्या खिशातल्या पैशावर. श्रीमंत शहरांना जे साधत नाही, ते धानाच्या पट्ट्याला साधले.

तेव्हा घरातल्या मंडळींनी एकदा बसून हिशोब करावा. वर्षभरात हॉटेलात किती गेले आणि आपल्या गावच्या कलावंताकडे किती? मुलाला सुट्टीत शिबिराला पाठवतो, तसे एखाद्या बाहुलीवाल्याकडे, मूर्तिकाराकडे, भजनी मंडळातल्या मृदंगवाद्याकडे चार दिवस का पाठवू नये? अर्थात फी देऊन. ‘आमच्यासाठी एखादा कार्यक्रम असाच करा ना’ ही प्रेमळ विनंती तेवढी आपण बंद करावी. डॉक्टरला आपण ती करत नाही, वाण्याला तर मुळीच नाही.

गावाला रंगरूप देणारी ही माणसे आपल्या आवडीची किंमत स्वतः मोजत आली आहेत. त्यांच्या मुलांनीही ती मोजावी, असा आग्रह धरण्याचा अधिकार आपल्याला नाही. पोरगा बापाची पोथी उचलेल की शहरात नोकरी शोधेल, हे शेवटी पहिल्या रांगेतल्या सतरंजीवर किती माणसे बसली यावरच ठरते. शाल जरूर द्यावी. पण आधी तिकीट काढावे.