वेशीवरचा वाघोबा आणि काचेआडची कला

चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा भरते, तेव्हा डहाणू-तलासरीचा आदिवासी तेथे लोटतो आणि मुंबईचा एखादा कलाप्रेमीही 'आदिम' सौंदर्य धुंडाळत येतो. हा 'आदिम' शब्दच मुळात तपासला पाहिजे.

पश्चिम आफ्रिकेत, मालीतील बांडियागाराच्या कड्यावर राहणाऱ्या डोगोन लोकांचा लोहार मेणाची आकृती घडवतो, तीवर माती लिंपतो, मेण वितळवून त्या पोकळीत पितळेचा रस ओततो. साचा फोडल्यावाचून मूर्ती हाती येत नाही. म्हणून एकीसारखी दुसरी नाही. या लोहाराशी गाव सोयरीक करीत नाही, पण त्याच्यावाचून गावाचे चालत नाही. (जातींच्या देशातील वाचकाला अधिक काय सांगावे?) फ्रान्सच्या १९३१-३३ च्या डाकार-जिबूती मोहिमेने आफ्रिकेतून तीन हजारांहून अधिक वस्तू पॅरिसला नेल्या. त्यांतील काही देवस्थानांतून चक्क चोरल्या, हे मोहिमेचाच चिटणीस मिशेल लेरिस याने १९३४ साली छापलेल्या रोजनिशीत नोंदवले आहे. याला 'संग्रह' म्हणतात!

महाराष्ट्रातही १९७४ साली प्रवरेकाठच्या दायमाबादला एका भिल्लाला मुळे खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशी चार भरीव ओतीव शिल्पे सापडली. वजन मिळून साठ किलोंहून अधिक. हजारो वर्षांपूर्वी ती ओतणारे हात 'आदिम' होते काय?

वारल्यांचा वाघोबा धातूचा नव्हे, लाकडाचा वा दगडाचा. वर सूर्य-चंद्र, खाली वाघ. रसिकाला ती कला वाटते, पुरोगामी कार्यकर्त्याला अंधश्रद्धा. तो कोरणारा माणूस मात्र दोघांनाही दिसत नाही. वेठबिगार आणि लग्नगडी यांविरुद्ध १९४५ साली उठला तो वारली याच देवापुढे हात जोडीत होता, हे अंधश्रद्धेवर व्याख्यान देणाऱ्यांनी विसरू नये.

आज बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग याच पट्ट्यातून जात आहेत. वाढवण बंदराला २०२४ साली केंद्राने मंजुरी दिली. संपादनात झाडाची किंमत लागेल, घराची लागेल. वेशीवरच्या देवाची कोण लावणार, आणि ती लावण्याचा अधिकार कोणाचा? १९९६ च्या पेसा कायद्याचे चौथे कलम ग्रामसभेला आपल्या परंपरा व सांस्कृतिक ओळख जपण्यास समर्थ मानते आणि भूसंपादनापूर्वी सल्लामसलत बंधनकारक करते. तेव्हा कार्यकर्त्यांनी मोर्चाच्या घोषणा लिहिण्याआधी पाड्यापाड्यावर जावे, प्रत्येक वाघोबाची जागा आणि तो कोरणाऱ्याचे नाव ग्रामसभेच्या ठरावात नोंदवून घ्यावे, आणि मोजणीदार येईल त्या दिवशी तो ठराव त्याच्यापुढे ठेवावा.