टाडा गेला, तारखा राहिल्या



२३ मे १९९५ ला टाडा कायद्याची मुदत संपली. सरकारने ती वाढवली नाही. चांगलं झालं. पण आता आपण निवांत बसायचं का? आम्हाला तसं वाटत नाही.

१९८५ साली हा कायदा पंजाबातल्या अतिरेक्यांसाठी म्हणून आणला. मग तो देशभर पसरला. १९९४ पर्यंत ७६ हजारांच्या वर माणसं त्यात धरली. पंजाबपेक्षा जास्त माणसं गुजरातेत धरली! शिक्षा झाली ती अगदी थोड्यांना. आपल्या गडचिरोलीतही आदिवासींवर टाडा लावला. रात्री दलम दारात येतं, भात मागतं. सकाळी पोलीस येतात, भात का घातला म्हणून विचारतात. बंदुकीला नाही कसं म्हणायचं, ते कोणी सांगत नाही.

माणसं मारणाऱ्याला सोडा, असं आमचं म्हणणं नाही. खुनाला, स्फोटाला साधा कायदा आहेच. पण साध्या कायद्यात पोलिसापुढचा कबुलीजबाब पुरावा धरत नाहीत, कारण तो मारून घेता येतो. टाडात एस.पी.पुढचा जबाब पुरावा ठरला. जामीन जवळपास बंद झाला. साधा कायदा म्हणतो, आधी पुरावा आणा. टाडा म्हणाला, आधी माणूस आणा.

सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्ये हा कायदा वैध ठरवला. तरी देशभर लोक बोलत राहिले, मानवी हक्क आयोगाने खासदारांना पत्र लिहिलं, म्हणून तो गेला. बोलल्याने फरक पडतो तो असा.

पण जुने खटले त्यानंतरही चालूच राहिले. तारखांना जायचं, मजुरी बुडवायची, एस.टी.चं भाडं भरायचं, हे सुटलं नाही. आणि टाडाच्या जागी नवं बिल १९९५ मध्येच राज्यसभेत आलं होतं. आज भाताचं निमित्त, उद्या जमिनीचा दावा लावणाराही अतिरेकी ठरेल.

म्हणून आमची मागणी: जुने खटले तपासून खोटे मागे घ्या, नवा टाडा आणू नका.

आणि गावाने एवढं करावं. कुणाला नेलं तर दिवस, वेळ, कोणी नेलं ते लिहून ठेवा. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायलाच पाहिजे, असं घटनेचं २२ वं कलम सांगतं. वकील मागायचा हक्कही त्यातच आहे. एकट्याने ठाण्यात जाऊ नका, गाव मिळून जा.

जिंदाबाद!