आरोग्य आणि गृह : दुखणें आणि दुःख

कर्करोग बळावला, शस्त्रक्रिया व किरणोपचार थकले, म्हणजे "आतां करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं," असें आपण सहज बोलून जातों. हें विधान रोगापुरतें खरें असेल. रोग्यापुरतें तें साफ खोटें आहे.

लंडन येथें १९६७ सालीं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस ही शुश्रूषासंस्था उघडणाऱ्या सिसिली सॉंडर्स या बाई प्रथम परिचारिका होत्या, मागाहून डॉक्टर झाल्या. 'समग्र वेदना' ही कल्पना त्यांचीच. शरीराचें दुखणें, मनांतली भीति, घराची व पैशाची विवंचना आणि 'हें माझ्याच वांट्यास कां?' हा अंतरींचा प्रश्न, हे धागे एकमेकांत गुंतलेले असतात; एकच ओढून गांठ सुटत नाहीं.

तरी आरंभ शरीरापासूनच करावा. तळमळणाऱ्या माणसास गीतेचा अध्याय ऐकवून काय होणार? वेदना शमली म्हणजे तो आपण होऊन अध्याय मागेल, किंवा नातवास जवळ बोलावील. तीव्र वेदनेवर मॉर्फिन तोंडानें देतां येतें. मात्र तें दुखूं लागल्यावर नव्हे, तर डॉक्टरांनीं ठरविलेल्या मात्रेंत, घड्याळाच्या कांट्याबरहुकूम द्यावें. साधें मॉर्फिन बहुधा दर चार तासांनीं देतात. त्यानें बद्धकोष्ठ होतो, म्हणून रेचकही सोबतच मागून घ्यावें. 'अफूची संवय लागेल' या भयानें घरचीं वडील मंडळी मात्रा चुकवितात; वास्तविक, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं वेदनेसाठीं घेतलेल्या मॉर्फिनचें व्यसन क्वचितच जडतें. १९८५ सालच्या कायद्यानें हें औषध दुर्मिळ झालें होतें. २०१४ सालच्या दुरुस्तीनें तो जाच सैल झाला. तथापि प्रत्येक औषधालयांत तें मिळत नाहीं, म्हणून सांठा संपण्याआधींच चौकशी करावी. मुंबईंत वांद्र्यास १९८६ सालीं अशा रोग्यांसाठीं शांति आवेदना सदन निघालें, हेंही वाचकांस ठाऊक असावें.

आपल्या एकत्र कुटुंबांत आणखी एक वेदना असते, ती मौनाची. रोगाचें नांव रोग्यापासून लपवितात. माजघरांत कुजबुज आणि त्याच्या खोलींत उसनें हसूं. त्याला बहुधा सारें उमगलेलें असतें, पण आपल्या माणसांस धक्का बसूं नये म्हणून तोही गप्प राहतो. मग मुलीच्या लग्नाचें, देण्याघेण्याचें, एखाद्या जुन्या अबोल्याचें बोलणें राहूनच जातें. बळेंच कांहीं सांगूं नये. पण त्यानें विचारलें असतां खोटें बोलूं नये.

आणि शुश्रूषा करणारीचें काय? समाचारास येणारे दहा, रात्र जागणारी सून एक! पुरुषांनींही पाळ्या वांटून घ्याव्या. औषधांच्या वेळा ठळक अक्षरांत लिहून उशाशीं लावल्या, म्हणजे हें काम कोणासही जमतें.