जड वस्तूंस वाचा फुटते तेव्हां

वेसाव्याच्या खाडीच्या मुखापाशीं सायंकाळीं उभें राहिलें असतां मासेमारीच्या होड्यांची रांग दिसते. होडी एकदां दूर समुद्रांत गेली, म्हणजे ती परत येईपर्यंत घरच्यांनीं वाट पाहावी, यापलीकडे पूर्वीं उपाय नसे. नोव्हेंबर २००९ मधील फयान वादळांत कोंकणकिनाऱ्यावरील कित्येक कुटुंबांस ही यातना सोसावी लागली.

या स्थितींत आतां पालट होऊं लागला आहे. ता. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें पंतप्रधानांच्या हस्तें एका योजनेचा आरंभ झाला. देशाच्या किनाऱ्यावरील एक लाख होड्यांवर इस्रोनें सिद्ध केलेलें ट्रान्सपाँडर नांवाचें यंत्र बसविण्याचें तींत ठरलें. मोबाईल जेथें मुका होतो, तेथूनही हें यंत्र उपग्रहाच्या द्वारें किनाऱ्याशीं बोलतें. होडी कोठें आहे तें तिकडे कळतें, वादळाची सूचना इकडे येते, आणि संकटांत सांपडलेल्या तांडेलास मदतीची हांक पाठवितां येते.

जड वस्तूंस जाळ्यांत ओवण्याच्या या विद्येस ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ म्हणतात. हें नांव १९९९ सालीं केव्हिन ॲश्टन या गृहस्थांनीं योजिलें. कल्पना मात्र त्याहून जुनी. १९८२ च्या सुमारास अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत शीतपेयांचें एक यंत्र संगणकाशीं जोडलें होतें. बाटल्या शिल्लक आहेत काय व त्या थंड झाल्या काय, हें बसल्या जाग्यावरून कळावें, एवढाच हेतु!

न्यायशास्त्राचा विद्यार्थी धुरावरून अग्नीचें अनुमान करावयास प्रथम शिकतो. या वस्तूंचें कामही त्याच जातीचें. संवेदक हें त्यांचें ज्ञानेंद्रिय; तें उष्णता, धूर, हालचाल हीं चिन्हें टिपतें. जाळें तीं दूरच्या संगणकास कळवितें, तेथें अनुमान होतें, आणि आज्ञा परत येऊन दिवा मालवतो किंवा पंप बंद होतो. मात्र हें अनुमान बहुधा आपल्या घराबाहेर, परक्याच्या संगणकांत होतें, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतों. बंगळूर येथें नोकरीस असलेल्या धाकट्या चिरंजीवांनीं आम्हां वृद्धांच्या काळजीपोटीं बैठकीच्या खोलींत एक कॅमेरा बसविला. हेतु निर्मळ होता. परंतु थोरल्या सूनबाई त्या खोलींत वावरतांना संकोचूं लागल्या, आणि एके दिवशीं आम्हांस घरांतून प्रश्न आला, “हा डोळा मिटतो तरी केव्हां?” नातवानें तपासून पाहिलें, तों कारखान्यांतून आलेला परवलीचा शब्दही तसाच राहिलेला! २०१६ सालीं ‘मिराई’ नांवाच्या दुष्ट प्रणालीनें असेच न बदललेले शब्द वापरून लाखों कॅमेरे व तत्सम यंत्रें ताब्यांत घेतलीं, आणि त्यांच्याकरवीं ऑक्टोबरांत अमेरिकेंतील कित्येक मोठीं संकेतस्थळें कांहीं तास बंद पाडलीं. दारचा पहारेकरी धन्याच्या नकळत चोरांच्या टोळींत जावा, तसाच हा प्रकार.

खाजगी माहिती साठविणाऱ्या कंपन्यांस संमतीचें बंधन घालणारा कायदा आपल्या देशांत २०२३ सालीं झाला. परंतु एखाद्या व्यक्तीनें घरगुती कारणासाठीं केलेला उपयोग त्याच्या कक्षेबाहेर ठेविला आहे. म्हणजे कायदा आपल्या उंबरठ्यापाशीं थांबतो. आंतील मर्यादा घरच्यांनींच पाळावयाची.

यास्तव अशी वस्तु घरांत आणण्यापूर्वीं वडील मंडळींनीं तीन प्रश्न विचारावे. ती कोणाविषयीं बोलते? कोणाजवळ बोलते? आणि ज्याच्याविषयीं बोलते, त्यास तिला गप्प करतां येतें काय? परवलीचा शब्द पहिल्याच दिवशीं बदलावा, हें वेगळें सांगणें नलगे.

आमच्या कॅमेऱ्याचें तोंड आतां बाहेरच्या दाराकडे आहे. स्वयंपाकघरांत गॅसची गळती कळविणारें यंत्र बसविलें, त्यास मात्र घरांतून हरकत आली नाहीं. तें गॅसविषयीं बोलतें, माणसांविषयीं नाहीं. तांडेलाच्या होडीवरील यंत्र त्याच्या जिवासाठीं बोलतें, आणि तें बोलत आहे हें त्यास ठाऊक असतें. आमच्या सूनबाईंस कोणी विचारलेंच नव्हतें.

चिरंजीव आतां रोज रात्रीं दूरध्वनि करतात. कॅमेऱ्यांतून त्यांस आम्ही दिसत होतों. बोलणें मात्र होत नव्हतें.