बाळंतिणीच्या उशाशी हडळ

मैत्रिणींनो, बाळंतीण दगावली की तिची हडळ होते, पावलं उलटी फिरतात, हे जळकोटाकडच्या म्हाताऱ्या बायका अजून सांगतात. म्हणून ओल्या बाळंतिणीच्या उशाखाली विळा. (ठेवायचाच तर बाळाचा हात पोचणार नाही असा ठेवा, बाई!)

रात्री छातीवर कुणी बसलंय, ओरडावं तर आवाज फुटत नाही, हा अनुभव मात्र खोटा नव्हे. स्वप्नं पडतात तेव्हा मेंदू हातपाय सैल सोडून देतो. कधी जाग आधी येते, हातपाय मागाहून. क्षणा-दोन क्षणांत, फार तर काही मिनिटांत सुटतं. जागरणानं हे वाढतं, आणि बाळंतिणीइतकं जागरण कुणाला? दुपारी बाळ निजलं की तिलाही निजू द्या. उताणं नको, कुशीवर.

पण तिला ताप चढला, झटके आले, ती असंबद्ध बोलू लागली, बाळाला जवळ घेईना, तर ‘बाहेरचं’ म्हणून मांत्रिक गाठू नका. बाळंतपणानंतरचे हे आजार जिवावर बेततात. भूत उतरवायला मारणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद होते. त्याच दिवशी १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. सासूबाई अडून बसल्याच, तर अंगारा लावू द्या. गाडीत बसल्यावर.