‘गुलामगिरी’च्या गावात खोली मिळेल काय?

महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या दास्यमुक्तीसाठी झटणाऱ्या तेथील सज्जनांना ती अर्पण केली. पुण्यातील अतिशूद्र आणि अटलांटिकपलीकडचा गुलाम यांचे दुःख एकाच कुळीचे आहे, हे या शहरातील एका माणसाने दीडशे वर्षांपूर्वी ओळखले होते. त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. परंतु त्याच पुण्यात शिकावयास आलेल्या आफ्रिकी विद्यार्थ्याला आज कोणता अनुभव येतो?

फोनवर भाडे ठरते; चेहरा दिसताच जागा ‘आत्ताच गेलेली’ असते. ‘आमची हरकत नाही हो, पण सोसायटी ऐकणार नाही,’ असे सौजन्यपूर्वक सांगण्यात येते. हे सौजन्य दलित आणि मुसलमान विद्यार्थ्यांच्या चांगलेच परिचयाचे आहे.

खोलीचा प्रश्न क्षुल्लक नव्हे. कोलंबिया विद्यापीठात 1913 ते 1916 या काळात शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. जात लपवून पारशी धर्मशाळेत आसरा घ्यावा लागला आणि तेथूनही त्यांना हुसकावण्यात आले. पुढे 1924 साली त्याच कोलंबियाच्या वसतिगृहात एक कृष्णवर्णीय विद्यार्थी राहतो, एवढ्या कारणावरून विद्यापीठाच्या आवारात क्रूस जाळण्यात आला. विद्यापीठ प्रवेश देते. समाज पथारी टाकू देत नाही. विषमतेची ही रीत दोन्ही खंडांत सारखीच आहे.

काही जण म्हणतील, त्यांच्यातील कित्येक गोंगाट करतात, काही गुन्हेही करतात. गुन्हा करणाऱ्यास कायद्याने शिक्षा व्हावी. परंतु एकाच्या अपराधासाठी संपूर्ण वर्णास दोषी ठरविणे, यालाच वंशद्वेष म्हणतात. 2017 साली ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. आफ्रिकी राजदूतांनी त्यांना वंशद्वेषी म्हटले. भारत सरकारने ते नाकारले. 2001 साली दरबानच्या जागतिक परिषदेतही जातिभेदाची चर्चा नको, असाच आपल्या सरकारचा आग्रह होता. रोगाचे नाव घ्यावयाचे नाही, म्हणजे औषधही द्यावयास नको!

परदेशी विद्यार्थ्यांकडून जादा शुल्क घेणाऱ्या संस्थांनी त्यांना घरमालकांच्या मर्जीवर सोडणे हा निव्वळ व्यापार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012 च्या समतेसंबंधीच्या नियमावलीने समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमण्यास सांगितले होते. असे कक्ष कागदावर न राहता, दलित, आदिवासी, अल्पसंख्य आणि आफ्रिकी विद्यार्थ्यांना तेथे निर्भयपणे तक्रार करता आली पाहिजे. वसतिगृहांत पुरेशा जागा असल्या पाहिजेत.

आणि आपण? दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्ध घोषणा देणे सोपे होते. प्रिटोरिया दूर होते. आपल्या सोसायटीची सभा जवळ आहे. त्या सभेत उभे राहून ‘या विद्यार्थ्याला जागा दिली पाहिजे’ असे किती कार्यकर्ते म्हणतील? जोतीरावांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या प्रत्येकाने या प्रश्नाचे उत्तर प्रथम आपल्या घरच्या उंबरठ्यावर दिले पाहिजे.